सोहार की लुडविग्सहाफेन : बडोद्यातल्या एका कुटुंबाचा हिशेब

पार्श्वभूमी

परदेशी निघालेल्या कुटुंबांचे पैशाचे हिशेब तपासून देणं हे माझं काम. बडोद्यात अशा कामाला तोटा नाही. पुढचं प्रकरण एका मराठी कुटुंबाचं आहे. त्यांच्या परवानगीने लिहितो आहे. नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, रकमा थोड्या गोल केल्या आहेत.

निखिल ३७ वर्षांचा, इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनिअर. नंदेसरीकडच्या एका रसायन कारखान्यात १३ वर्षं नोकरी, हातात महिन्याला साधारण लाखभर रुपये. बायको केतकी एका खासगी शाळेत गणित शिकवते. मुलगी ईरा तिसरीत, सीबीएसई. घर दांडिया बाजारात, वडिलोपार्जित, त्यामुळे भाडं नाही. आई-आप्पा सोबतच. आप्पा ७१ वर्षांचे, मधुमेह जुना, एकदा अँजिओप्लास्टी झालेली. आप्पांची सगळी नोकरी सार्वजनिक क्षेत्रातल्या पेट्रोकेमिकल कारखान्यात गेली. हा तपशील पुढे कामाला येणार आहे.

२०२४ च्या नवरात्राच्या सुमारास निखिलच्या हातात दोन देकारपत्रं होती. एक ओमानमधल्या सोहारचं : महिना १,७०० रियाल, त्यात मूळ वेतन १,१००, कुटुंबाचा आरोग्य विमा आणि वर्षातून एकदा घरी यायची तिकिटं. दुसरं जर्मनीतलं, लुडविग्सहाफेनजवळच्या एका मध्यम आकाराच्या कंपनीचं, जी मोठ्या रसायन कारखान्यांना देखभालीची सेवा पुरवते : वर्षाला ६०,००० युरो. ओमानला तीन आठवड्यांत उत्तर हवं होतं. जर्मनीवाले थोडे सबुरीचे होते.

पेच

माझ्याकडे येण्याआधी आप्पांनी वहीत हिशेब मांडला होता. १,७०० रियाल, एका रियालचे २१८ रुपये, म्हणजे ३ लाख ७० हजार. करमुक्त. जर्मनीचे महिना ५,००० युरो, एकाचे ९१ रुपये, म्हणजे ४ लाख ५५ हजार, पण त्यातून कर आणि कपाती. निखिलने एका जर्मन संकेतस्थळावर हातात येणारी रक्कम काढली होती : बायको कमावत नसेल आणि त्याने कमी कपातीचा तिसरा करवर्ग घेतला तर ३,५०० युरोंच्या आसपास. म्हणजे ३ लाख १८ हजार. आप्पांच्या मते निकाल लागला होता.

केतकीला तो मान्य नव्हता. तिच्या मावसभावाचं कुटुंब जर्मनीत आहे, आणि शाळा फुकट, दवाखाना फुकट, रस्ते स्वच्छ हे ती तीन वर्षं ऐकत होती. निखिल दोघांच्या मध्ये. घरात वाद होता तो 'पैसा की जीवनमान' असा. मला तो प्रश्नच चुकीचा मांडलेला वाटला, कारण दोन्ही देशांत पैसा आणि जीवनमान यांची वाटणी वेगवेगळ्या पद्धतीने होते. एकीकडे पगार हातात देऊन बाकी तुमचं तुम्ही बघा म्हणतात, दुसरीकडे आधी कापून घेतात आणि मग सेवा देतात. हातात येणारी रक्कम दोन्हीकडे एकच गोष्ट मोजत नाही.

दोन अर्थव्यवस्था, दोन पगार

इथे थोडं थांबावं लागेल, कारण या दोन देशांत स्वस्त काय आणि महाग काय हे का ठरतं, ते कळल्याशिवाय घरखर्चाचा अंदाज फसतो.

जर्मनीची लोकसंख्या ८.४ कोटींच्या आसपास, दरडोई उत्पन्न ५५ हजार डॉलरच्या घरात. ओमानची लोकसंख्या ५० लाखांच्या आसपास, दरडोई उत्पन्न सुमारे २० हजार डॉलर. या आकड्यांवरून घाईने काही ठरवू नये. ओमानमध्ये राहणाऱ्या दर दहा माणसांत चार परदेशी आहेत, आणि त्यांतले बहुतेक आपल्याच उपखंडातले, कमी पगारावर राबणारे. खासगी क्षेत्रात ३२५ रियालचं किमान वेतन आहे, पण ते ओमानी नागरिकांसाठी. परदेशी मजुराला ते लागू नाही. म्हणून तिथे नळदुरुस्ती, केस कापणं, घरकाम, हॉटेलातलं जेवण मध्यम पगाराच्या भारतीयाला परवडतं. जर्मनीत २०२४ मध्ये किमान वेतन ताशी १२.४१ युरो होतं, आणि ते देशात काम करणाऱ्या परदेशी माणसालाही लागू असतं. नळ दुरुस्त करायला येणारा माणूस तिथे स्वस्त असूच शकत नाही. निखिलला कोणत्या देशात 'श्रीमंत' वाटेल हे बरंचसं त्याच्याखालच्या माणसाला काय मिळतं यावर ठरणार होतं. केतकीला हे ऐकून जरा अस्वस्थ वाटलं. वाटायलाच हवं.

पैसा येतो कुठून, तेही बघितलं. ओमान सरकारच्या तिजोरीत तेल आणि वायूचा वाटा आजही सर्वांत मोठा. म्हणूनच पगारावर कर नाही, आणि पेट्रोलचा कमाल भाव सरकारने ऑक्टोबर २०२१ च्या पातळीवर बांधून ठेवला आहे. याच कारणाने तेल पडलं की परदेशी नोकऱ्याही पडतात. २०२० मध्ये तेल आणि कोविड दोन्ही एकदम आले तेव्हा दोन लाखांहून जास्त परदेशी कामगार देश सोडून गेले. नंतर सरकारने खर्च आवरला, कर्ज उतरवलं, २०२४ मध्ये पतमानांकनही सुधारलं. पण ओमानी तरुणांना नोकऱ्यांत प्राधान्य देण्याचं धोरण कायम आहे आणि ते वाढतच जाणार.

जर्मनीचं दुखणं वेगळं. २०२२ पूर्वी तिथे आयात होणाऱ्या वायूपैकी निम्म्याहून अधिक रशियाकडून येत होता. युद्धानंतर तो थांबला आणि वायूवर चालणारा रसायन उद्योग सर्वांत आधी कळवळला. लुडविग्सहाफेन हे बीएएसएफ या रसायन कंपनीचं गाव, जगातला सर्वांत मोठा एकसंध रसायन प्रकल्प तिथे आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये या कंपनीने जगभरात २,६०० नोकऱ्या कमी करण्याचं आणि लुडविग्सहाफेनमधला अमोनियाचा एक प्रकल्प बंद करण्याचं जाहीर केलं. देशाची अर्थव्यवस्था २०२३ आणि २०२४ अशी सलग दोन वर्षं आकसली. निखिलला देकार देणारी कंपनी अशाच कारखान्यांच्या कामावर जगणारी होती. 'जर्मनी म्हणजे स्थैर्य' हे केतकीचं गृहीतक देशाबद्दल बरोबर असेल, पण या उद्योगाबद्दल आणि या गावाबद्दल तसं म्हणता येत नव्हतं.

खर्चाची बाजू

सोहारचा महिन्याचा अंदाज आम्ही तिथे राहणाऱ्या दोन ओळखीच्या कुटुंबांना विचारून काढला. दोन बेडरूमचं घर २२० रियाल, किराणा १८०, गाडीचा हप्ता आणि पेट्रोल १३०, ईराची इंडियन स्कूल बससकट ७०, वीज ५०, फोन-इंटरनेट ४०, इतर १००. एकूण ७९०. उरले ९१०, म्हणजे जवळपास २ लाख रुपये.

लुडविग्सहाफेनसाठी केतकीच्या मावसभावाची मदत झाली. हीटिंगसह घरभाडं १,२५० युरो, वीज ८०, इंटरनेट-फोन ६०, रेडिओ-टीव्हीची सक्तीची वर्गणी १८, दोघांचे लोकल प्रवासाचे मासिक पास तेव्हाच्या दराने ९८, किराणा ५५०, ईराची दुपारची देखरेख १००, किरकोळ विमे ३०, इतर ३००. भारतात यायच्या तिकिटांचे महिन्यावारी २००. एकूण २,६८६. जमेच्या बाजूला पगाराखेरीज मुलीचा सरकारी बालभत्ता २५० युरो. उरले १,०६५ च्या आसपास, म्हणजे साधारण १ लाख.

शिवाय सुरुवातीचा खर्च. जर्मनीत भाड्याच्या घरात बऱ्याचदा स्वयंपाकघरच नसतं. ओटा, कपाटं, शेगडी सगळं भाडेकरूने आणायचं. हे आईंना पटेचना. "मग आधीचा भाडेकरू ओटा घेऊन जातो की काय?" होय, घेऊन जातो. किंवा नव्या भाडेकरूला विकतो. त्यात अनामत म्हणून तीन महिन्यांपर्यंतचं मूळ भाडं. पहिल्या वर्षाची निम्मी शिल्लक यातच जाणार होती.

तर दोन लाख विरुद्ध एक लाख. आप्पांचा निकाल कायम.

पहिलं वळण : कापलेले पैसे गेले कुठे

जर्मन पगारपत्रकावरची एकेक ओळ मी त्यांच्यासमोर ठेवली. निवृत्तिवेतनासाठी पगाराच्या १८.६ टक्के, निम्मे निखिलचे, निम्मे कंपनीचे. म्हणजे महिन्याला ९३० युरो त्याच्या नावावर. आरोग्य विमा तेव्हा साधारण १६ टक्के, तोही निम्मा-निम्मा, आणि त्यात न कमावणारी बायको व मूल जास्तीचा हप्ता न भरता येतात. बेकारी विमा २.६ टक्के : दोन वर्षं हप्ते भरल्यावर नोकरी गेली तर मूल असलेल्याला हातातल्या पगाराच्या ६७ टक्के, वर्षभरापर्यंत.

यावर आप्पाच म्हणाले, "म्हणजे आमच्या कॉलनीसारखंच की." त्यांच्या काळी पगार बेताचा होता, पण क्वार्टर, शाळा, दवाखाना, कामाची बस कंपनीची. त्या पगाराची तुलना मुंबईच्या खासगी कंपनीतल्या मित्राशी करताना ते नेहमी या गोष्टी मिळवून सांगत. जर्मनीचा हिशेब करताना मात्र विसरले होते. मला जे दहा वाक्यांत सांगता आलं नसतं ते त्यांनी एकात सांगितलं.

मग आम्ही दोन्ही बाजू सारख्या केल्या. ओमानमध्ये परदेशी माणसाला पेन्शन नाही. २०२३ च्या नव्या कामगार कायद्यानुसार नोकरीच्या दर वर्षामागे एक महिन्याचं मूळ वेतन मिळतं. निखिलच्या बाबतीत ते महिन्याकाठी सुमारे २० हजार रुपये. ओमान झालं २ लाख १८ हजार. जर्मनीत शिल्लक १ लाख आणि निवृत्तीचे ९३० युरो म्हणजे ८५ हजार. झाले १ लाख ८५ हजार. फरक आला ३३ हजारांवर.

इथे मी स्वतःच आडवा पडलो. जर्मन निवृत्तिवेतनाचे पैसे कुठल्या खात्यात साठत नाहीत, आजच्या नोकरदारांच्या हप्त्यांतून आजच्या म्हाताऱ्यांना दिले जातात, आणि तो देश झपाट्याने म्हातारा होतो आहे. ते ८५ हजार रोख शिल्लकीसारखे धरायला मी तयार नव्हतो. निम्मे धरा म्हटलं. मग फरक ७५ हजार होतो. निखिलचं म्हणणं, भारत आणि जर्मनीत २०१७ पासून सामाजिक सुरक्षा करार लागू आहे, दोन्हीकडचा सेवाकाळ पात्रतेसाठी एकत्र धरतात आणि पेन्शन भारतातही मिळतं, तेव्हा पूर्ण धरा. वाद मिटला नाही. खरा फरक ३३ ते ७५ हजारांच्या मध्ये कुठेतरी, इतकंच वहीत लिहिलं. पण 'दुप्पट' हा शब्द घरातून गेला, आणि मग बाकीच्या गोष्टी बोलता आल्या.

दुसरं वळण : ईराचं वय

जर्मनीतल्या बहुतेक राज्यांत चौथीनंतर मुलांची वेगवेगळ्या शाळांत वाटणी होते. विद्यापीठाकडे जाणारी शाळा वेगळी, व्यवसायाकडे जाणारी वेगळी. ईरा तिसरीच्या मध्यात, जर्मनचा एक शब्द न येता दाखल झाली असती आणि दीडेक वर्षात ही वाटणी समोर आली असती. लुडविग्सहाफेन ज्या राज्यात येतं त्या ऱ्हाइनलँड-पॅलॅटिनेटमध्ये पालकांची निवड मानली जाते आणि पाचवी-सहावी चाचपणीची वर्षं असतात, त्यामुळे दार बंद होत नाही. तरीही वय सहा असतं तर मी बेलाशक जर्मनी सुचवलं असतं. आठ-नऊ हे अवघड वय.

सोहारला सीबीएसईचीच इंडियन स्कूल. उद्या परत यायचं ठरलं तर बडोद्यातल्या वर्गात जाऊन बसता येईल. पण अठराव्या वर्षी तिला कॉलेजसाठी ओमानबाहेर पाठवावं लागेल आणि त्याचा खर्च आजपासून बाजूला काढावा लागेल. जर्मनीत सरकारी विद्यापीठांत शिक्षण शुल्क जवळपास नाहीच. म्हणजे आत्ता ओमान सोपा, दहा वर्षांनी जर्मनी.

तिसरं वळण : केतकीची नोकरी

यावर सर्वांत कमी चर्चा झाली आणि सर्वांत जास्त व्हायला हवी होती. ब्ल्यू कार्ड म्हणजे कुशल परदेशी कर्मचाऱ्याला मिळणारा राहण्याचा आणि कामाचा परवाना. तो असलेल्याच्या जोडीदाराला जर्मनीत पहिल्या दिवसापासून कुठलंही काम करायची मुभा आहे. पण शाळेत शिकवायचं तर पदवीची मान्यता आणि अगदी वरच्या पातळीचं जर्मन लागतं. चार-पाच वर्षं तरी. कायद्याने दार उघडं, भाषेने बंद. ओमानमध्ये उलट : भाषेचा प्रश्न नाही, इंडियन स्कूलमध्ये गणिताच्या शिक्षिकेला मागणी असते, पण कुटुंबाच्या व्हिसावर आलेल्या बाईला नोकरीसाठी वेगळा परवाना लागतो आणि तो नोकरी देणाऱ्याने काढायचा असतो.

चौथं वळण : आई-आप्पा

१ मार्च २०२४ पासून जर्मनीने नव्याने येणाऱ्या कुशल कर्मचाऱ्यांना आई-वडिलांना कायमचं बोलावून घ्यायची वाट खुली केली. निखिल यावरच भाळला होता. अट अशी की पालकांचा जर्मनीतला आरोग्य विमा आधी हवा. सरकारी विमा त्या वयात नव्याने घेत नाही, आणि अँजिओप्लास्टी झालेल्या ७१ वर्षांच्या मधुमेही माणसाला खासगी कंपनी घेईल तर हप्ता ऐकवणार नाही. मावसभावाने दोन ठिकाणी विचारून पाहिलं. नकार. उरतो तो १८० दिवसांतल्या ९० दिवसांचा पर्यटन व्हिसा.

मुंबई-मस्कत विमान तीन तासांच्या आत पोचतं. मस्कतहून सोहार रस्त्याने दोन-अडीच तास. रात्री फोन आला तर दुसऱ्या दिवशी दुपारी निखिल बडोद्यात. आप्पा यावर काहीच बोलले नाहीत, पण आई बोलल्या.

पर्याय

शेवटी वहीत चार पर्याय राहिले. ओमान, सहकुटुंब, ठरावीक मुदतीसाठी. जर्मनी, सहकुटुंब, कायम राहायच्या तयारीने. जर्मनीत आधी निखिल एकटा, वर्षाने बाकीचे. हा केतकीने तिथल्या तिथे खोडला, आणि तो तिचा अधिकार होता. चौथा, बडोद्यातच राहून नोकरी बदलायची. या चौथ्याला कोणी दहा मिनिटंही दिली नाहीत. भाडं नसलेलं घर, केतकीचा पगार, आप्पांचे डॉक्टर चालत्या अंतरावर : हे सगळं मोजलं असतं तर तो इतका दुबळा ठरला नसता.

काय केलं

ओमान ठरलं, चार वर्षांसाठी. जर्मन कंपनीला निखिलने सविस्तर नकारपत्र लिहिलं, दार लोटून घेतलं पण कडी लावली नाही.

माझ्या आग्रहावरून तीन गोष्टी जाण्याआधी झाल्या. एक, उरणाऱ्या ९१० रियालांतले ३०० निवृत्तीसाठी महिन्याच्या पहिल्या तारखेलाच वेगळे, त्यांना हात नाही. भविष्य निर्वाह निधी थांबणार होता आणि ती जागा कोणीतरी भरायला हवी होती. दहा वर्षांहून जास्त सेवा झाल्याने कर्मचारी पेन्शन योजनेची पात्रता मात्र शाबूत राहिली. दोन, सहा महिन्यांच्या घरखर्चाएवढी रक्कम बडोद्याच्या बँकेत, कारण ओमानमध्ये नोकरी गेली की राहण्याचा परवानाही फार दिवस टिकत नाही. तीन, आप्पांचा आरोग्य विमा वाढवला आणि तातडीच्या वेळी कोणी काय करायचं हे शेजारच्या दोन घरांशी बोलून ठेवलं.

पुढे काय झालं

जानेवारी २०२५ मध्ये ते गेले. ठरवलेले दोन लाख कधीच उरले नाहीत. पहिल्या वर्षाची सरासरी दीड लाखाच्या आसपास बसली. उन्हाळ्यात एसीचं बिल दुपटीला गेलं, आणि घर जवळ असल्याचा तोटा असा की वर्षातून एकदा यायचं ठरलेलं कुटुंब तीनदा आलं. दिवाळी, आप्पांची तपासणी, आणि एक लग्न. तिकिटं कंपनीची फक्त एकदाच. ३०० रियालांचा नियम मात्र पाळला गेला.

जून ते ऑगस्ट उघड्यावरचं काम दुपारी साडेबारा ते साडेतीन बंद ठेवायचा ओमानमध्ये नियम आहे. निखिलची साइट त्यामुळे पहाटे सुरू व्हायची. त्याला ते झेपलं. केतकीला परवाना मिळून शाळेत रुजू व्हायला आठ महिने लागले. ते आठ महिने तिने सोहारच्या फ्लॅटमध्ये एकटीने काढले आणि त्याबद्दल ती आजही चांगलं बोलत नाही.

जून २०२५ मध्ये ओमानने आखातात पहिल्यांदाच व्यक्तिगत आयकर जाहीर केला : २०२८ पासून, ५ टक्के. बडोद्याच्या घरात एकच गडबड. आप्पांचा फोन, "करमुक्त म्हणून गेला होतास ना?" कर वर्षाला ४२,००० रियालच्या वरच्या उत्पन्नावर आहे. निखिलचं २०,४००. त्याला लागत नाही. पण करमुक्त हा शब्द कायमचा नाही, हे त्याला त्या दिवशी कळलं.

दरम्यान युरो १०० रुपयांच्या वर गेला. रियाल १९८६ पासून एकाच दराने डॉलरला बांधलेला, तोही रुपयात वाढला, पण कमी. वहीतला फरक काहीही न करता आणखी थोडा आकसला.

वेगळं काय करता आलं असतं

केतकीच्या परवान्याची अट करारावर सही करण्याआधी तिथल्या शाळेशी बोलून मार्गी लावायला हवी होती. तीन आठवड्यांच्या मुदतीला घाबरून ते राहिलं. मुदत वाढवून मागितली असती तर बहुधा मिळाली असती, कारण अनुभवी इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनिअर सोहारला रोज मिळत नाहीत.

बडोद्यातल्या पर्यायाचा खर्च-जमा मांडायलाच हवा होता. तो मांडला असता तर उत्तर बदललं असतं असं नाही, पण चार वर्षांनी परत यायचं म्हणजे नेमकं कशाकडे यायचं, हे ठरलं असतं. ते आजही ठरलेलं नाही.

बँकेच्या ठेवींचा मुद्दाही जर्मनीच्या बाजूने अर्धवट राहिला. अनिवासी भारतीयांच्या एनआरई ठेवींवरचं व्याज भारतात करमुक्त असतं, पण जर्मनीचा रहिवासी झाल्यावर जगभरचं उत्पन्न तिथे दाखवावं लागतं आणि जोडप्याला २,००० युरोंची सूट सोडून व्याजावर साधारण २६ टक्के कर लागतो. पुढेमागे जर्मनीला गेले तर सोहारची साठवण कुठे ठेवायची हा प्रश्न येणार, आणि येईल असं दिसतं. ईरा आता सोहारला आठवड्यातून दोनदा ऑनलाइन जर्मन शिकते. क्लास केतकीने लावला, आणि स्वतःचंही नाव घातलं.